पत्र्याआडचे काम : विमानजोडणीच्या अभ्यासाला प्रस्तावना

मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिक मागे टाकून पिंपळगावकडे निघाले की वाटेत ओझर लागते. १९६४ साली इथे मिग विमानांसाठी हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा कारखाना आला आणि 'एचएएल' हा त्या परिसरातल्या माणसांच्या पत्त्याचाच भाग होऊन बसला. कोणाचे वडील तिथे होते, कोणाचा मामा, कोणाचा जावई. पण ही माणसे आठ तास नेमके काय करत, असे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर 'विमान जोडायचे' इतक्यावर थांबते. हे पुस्तक त्या उत्तराच्या पुढे जाऊ पाहते.

विमानाबद्दल आपण वाचतो ते एक तर आराखडा काढणाऱ्यांचे, नाही तर विमान उडवणाऱ्यांचे. भाग जागच्या जागी पकडून ठेवणाऱ्या सांगाड्यासमोर, म्हणजे जिगसमोर, उभा राहून किंवा पंखाच्या पोटात शिरून विमान प्रत्यक्ष उभे करणाऱ्या माणसाकडे अभ्यासकांचे लक्ष तुकड्यातुकड्यांनी गेले. अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे तास मोजले. अपघातांची चौकशी करणाऱ्यांनी त्याने पाडलेली होल भिंगाखाली धरली. कामगार-आरोग्याच्या डॉक्टरांनी त्याचे कान आणि बोटे तपासली. तिघांनीही आपापले काम चोख केले, पण तिघांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडली. या तिघांची टिपणे एका टेबलावर आणणे हा इथे जमलेल्या लेखांचा उद्योग आहे. वाचक आयटीआयचा विद्यार्थी असो, इतिहासाचा संशोधक असो की निव्वळ कुतूहलाने आलेला असो, त्याला आत शिरायला वाट सापडावी म्हणून हे चार शब्द.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. जोडणी म्हणजे आराखड्याची मुकाट अंमलबजावणी, असे समजणारे लोक अजून आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयांतही आहेत. मला ते पटत नाही. जोडणीला स्वतःचे ज्ञान आहे. अडचण एवढीच की ते पत्र्याआड जाते. पंखातली इंधनटाकी बंद झाली की आतले रिव्हेट पुढची कित्येक वर्षे कोणाच्या नजरेला पडत नाहीत. आपले काम असे झाकले जाणार हे ठाऊक असताना ते कसे करायचे, कोणी तपासायचे आणि त्याची नोंद कुठे ठेवायची, याभोवती हा सगळा व्यवसाय रचलेला आहे.

सुरुवात होलापासून करावी लागते. बोइंग ७४७मध्ये सुमारे साठ लाख भाग असतात आणि त्यांतले निम्मे फास्टनर असतात, हे कंपनी स्वतःच सांगत आली आहे. रिव्हेट असो की बोल्ट, त्याला होल हवेच. साधे एक अष्टमांश इंचाचे रिव्हेट घ्या. त्यासाठी ३० नंबरचा ड्रिल लागतो, होल ०.१२८५ इंचाचे, म्हणजे रिव्हेटपेक्षा साडेतीन हजारांश इंच मोठे. आधी लहान पायलट होल, मग अंतिम माप. ड्रिल पत्र्याला काटकोनात हवा; हात जरा कलला की होल लंबगोल होते आणि रिव्हेट ते नीट भरत नाही. होलाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट आत असावा लागतो, नाही तर कड फाटण्याची भीती. होल पाडून झाले की दोन्ही पत्रे वेगळे करायचे, कडेला राहिलेली धारदार कोर, म्हणजे बर, काढायची, मधला चुरा पुसायचा आणि पत्रे पुन्हा जुळवायचे. नवा अप्रेंटिस इथेच वैतागतो. आत्ता तर जुळवले होते, पुन्हा कशाला उकलायचे? पण बर राहिली तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत, आणि खरवडलेली कड म्हणजे भेगेला आमंत्रण. १९५४ साली कॉमेट जातीची प्रवासी विमाने हवेत फुटली. ब्रिटनमधल्या फार्नबरोला झालेल्या चौकशीत सापडलेली भेग छतावरच्या एका खिडकीच्या कोपऱ्याजवळच्या होलातून निघालेली होती.

पत्रे जुळवताना हलू नयेत म्हणून मधल्या होलांत क्लेको लावतात. शिंपी पक्की शिलाई मारण्याआधी कच्चे टाके घालतो, तसलाच हा प्रकार. या स्प्रिंगच्या पिनांचे रंग मापाप्रमाणे ठरलेले असतात: एक अष्टमांशाला तांब्याचा, पाच बत्तिसांशाला काळा. अनुभवी माणसाला दुरून रंग बघूनच कळते की पॅनेल कुठवर आले आहे.

मग रिव्हेट. हे दोघांचे काम. एक जण बाहेरून गन धरतो, दुसरा आतून शेपटावर लोखंडी ठोकळा टेकवतो; त्याला बकिंग बार म्हणतात, कुठे डॉली. ठोकण्याआधी शेपूट व्यासाच्या दीडपट बाहेर असावे. ठोकल्यावर त्याचे जे बसके डोके बनते त्याची रुंदी व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी. गन काही क्षणच चालते. जास्त ठोकले तर पत्रा ताणतो, कमी ठोकले तर रिव्हेट होलात सैल राहते. दोघांच्या मध्ये पत्रा, त्यामुळे ते एकमेकांना दिसत नाहीत. गोंगाटात हाकही पोचत नाही. म्हणून आतला माणूस पत्र्यावर टकटक करून सांगतो. अमेरिकी हस्तपुस्तिकांत ही खूण लिहून ठेवलेली आहे: एक टकटक म्हणजे अजून बसले नाही, पुन्हा मार, दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे बिघडले, काढून दुसरे घाल. तीन टकटक करण्याचा अधिकार आतल्या माणसाला, बहुधा दोघांतल्या कनिष्ठाला, असतो. तपासणीची पहिली पायरी तीच, आणि तिची कुठल्याही फॉर्मवर नोंद होत नाही. कामगार-समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे जरा रेंगाळावे, असे मला वाटते.

काही रिव्हेट फ्रीजरमध्ये ठेवावी लागतात, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला गंमतीची वाटते. २०२४ क्रमांकाच्या ॲल्युमिनिअम मिश्रधातूची रिव्हेट उष्णतोपचारानंतर मऊ असतात आणि खोलीच्या तापमानाला आपोआप कडक होत जातात. थंडीत ही क्रिया मंदावते. बाहेर काढल्यावर मात्र दहा-वीस मिनिटांत ती ठोकून व्हावी लागतात. सीलंटचेही तसेच. दोन घटक मिसळले की घड्याळ सुरू होते, आणि दोन तासांच्या सीलंटला अडीच तास लावून चालत नाही. चहाची सुट्टी केव्हा घ्यायची, हे अशा वेळी सुपरवायझर ठरवत नाही, डबीवरचे लेबल ठरवते.

कार्बन फायबर आल्यापासून हातांना नवे काही शिकावे लागले. बोइंग ७८७चे वजनाने निम्मे अंग संमिश्र पदार्थांचे आहे. ॲल्युमिनिअमला ड्रिल वेगात चालतो, टायटॅनिअमला संथ आणि दाब देऊन, कार्बनला पलीकडची बाजू फुटू नये म्हणून मागून आधार द्यावा लागतो. तिन्ही थर एकाच होलात एकाखाली एक आले तर काय करायचे, ते लेखी सूचनेत असतेच. पण थर बदलल्याचे आधी कळते ते मनगटाला आणि कानाला. शिवाय कार्बनला ॲल्युमिनिअम थेट टेकले की ॲल्युमिनिअम गंजते, म्हणून तिथे टायटॅनिअमचे फास्टनर. हे सगळे माहीत असलेल्या माणसाला आपल्या वेतनश्रेण्यांत कोणत्या रकान्यात बसवतात, हे वाचकाने ताडून पाहावे.

आता कागद. विमानाच्या प्रत्येक कामाला जॉब कार्ड असते आणि काम करणाऱ्याचा व तपासणाऱ्याचा स्टॅम्प त्यावर पडतो. स्टॅम्पवर क्रमांक असतो आणि क्रमांक एकाच माणसाचा. बोल्ट टॉर्क रेंचने आवळला की नटावर आणि त्याखालच्या पृष्ठभागावर मिळून रंगाची एक रेघ ओढतात. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. अवजारे फळीवर आपापल्या आकाराच्या खाचेत ठेवलेली असतात, शिफ्ट संपताना एक खाच रिकामी दिसली तर अवजार सापडेपर्यंत विमान पुढे सरकत नाही. बाहेरच्याला हा काच वाटतो. आतल्यांपैकीही काहींना वाटतो, ते खोटे का सांगा. पण पत्र्याआड गेलेल्या कामाची साक्ष द्यायला दुसरे काही उरतच नाही.

ही साक्ष कुठे कमी पडते, याची दोन उदाहरणे या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावीत. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे १२३ क्रमांकाचे उड्डाण कोसळले. ५२० माणसे गेली, चौघे वाचले. सात वर्षे आधी, १९७८ साली, त्या ७४७ची शेपटी ओसाकाला धावपट्टीवर घासली होती आणि केबिनमधल्या हवेचा दाब पेलणारी मागची भिंत बोइंगच्या पथकाने दुरुस्त केली होती. तिथे एक अखंड जोडपट्टी लावायची होती. ती दोन तुकड्यांत लावली गेली. त्यामुळे रिव्हेटच्या दोन ओळींनी पेलायचा भार एका ओळीवर आला. वरून सगळे व्यवस्थित दिसत होते. विमान त्यानंतर बारा हजारांहून अधिक वेळा उडाले, आणि प्रत्येक उड्डाणात भेग थोडी पुढे सरकत राहिली.

दुसरे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते होल किंवा रिव्हेट चुकल्याने घडलेच नव्हते. ५ जानेवारी २०२४ रोजी पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या नव्याकोऱ्या ७३७ मॅक्स ९ विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला प्लग हवेत निखळला. आत १७७ माणसे होती. सुदैवाने सर्व वाचली. चौकशीत निघाले ते असे: विचिटाच्या पुरवठादाराकडून आलेल्या सांगाड्यात प्लगजवळची काही रिव्हेट खराब होती. ती बदलण्यासाठी बोइंगच्या रेंटन इथल्या कारखान्यात प्लग उघडला, रिव्हेट नीट बसवली, प्लग बंद केला. त्याला धरून ठेवणारे चार बोल्ट परत लावले गेलेच नाहीत. प्लग उघडल्याची नोंदच झाली नव्हती, त्यामुळे बोल्ट तपासा असे सांगणारा कागद कोणासमोर आला नाही. रिव्हेटच्या कामाचा कागद होता, ते काम झाले. बोल्टचा कागद नव्हता. या घटनेवर लिहिणाऱ्यांनी एखाद्या फिटरचा हलगर्जीपणा शोधण्यात बराच वेळ घालवला. मला वाटते, उघडण्याची परवानगी आणि उघडल्याची नोंद या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटू कशा शकतात, हा खरा अभ्यासाचा विषय आहे. या संग्रहातले दोन लेख त्याच वाटेने गेले आहेत.

तासांचा हिशेब करणाऱ्यांकडे वळू. १९३६ साली टी. पी. राइट या अमेरिकन अभियंत्याने विमानांच्या खर्चावर एक निबंध लिहिला. (राइट बंधूंशी यांचे नाते नाही, जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइट हे मात्र यांचे सख्खे भाऊ.) एकूण बनलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की एका विमानामागचे श्रम साधारण वीस टक्क्यांनी घटतात, हे त्यांनी दाखवले. यंत्रे तीच, आराखडा तोच, माणसे तीच, तरी तास कमी होतात. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ साली करता करता शिकण्याचा जो प्रसिद्ध सिद्धान्त मांडला, त्याचा एक आधार विमानांच्या सांगाड्यांचा हाच हिशेब होता. म्हणजे आजच्या विकास-अर्थशास्त्राची एक मुळी थेट रिव्हेट ठोकणाऱ्यांच्या जिगपर्यंत जाते. अर्थशास्त्राच्या वर्गांत हे सांगायला हवे. सहसा आलेख काढून मोकळे होतात.

पुढची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. २००० साली बेन्कार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानाचे आकडे तपासले. उत्पादन घटले, माणसे कमी झाली, पुन्हा उत्पादन वाढले, तेव्हा जुना वेग परत आला नाही. तास उलट वाढलेले निघाले. कारखाना विसरतो. आराखडे कपाटात जसेच्या तसे असतात, जिग जागच्या जागी असते, आणि तरी विसरतो. हे वाचले की ओझरकडे नव्याने पाहता येते. मिग-२१, मग मिग-२७, मग २००४ पासून सुखोई-३० एमकेआय. आधी तयार भागांची जोडणी, मग हळूहळू कच्च्या मालापासून बांधणीही इथेच. जुन्या मागण्यांचे काम आटोपल्यावर आणखी १२ सुखोईंचा करार झाला तो डिसेंबर २०२४ मध्ये. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला जोडलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. दोन कामांच्या मधल्या काळात कोणते हात टिकले, कोणते निवृत्त झाले, कोणी कोणाला शिकवून गेले? हा प्रबंधाचा विषय आहे आणि तो नाशिकच्या विद्यार्थ्याच्या हाताशी आहे.

भारतातली सुरुवात याआधीची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. दोन वर्षांत, युद्धाच्या धामधुमीत, ती सरकारने ताब्यात घेतली. तिथेच पुढे कोल्हापूरकडच्या विष्णु माधव घाटगे यांनी एचटी-२ हे शिकाऊ विमान घडवले आणि ते १९५१ साली उडाले. घाटगे जर्मनीतल्या गटिंगेनला वायुगतिकीतज्ज्ञ प्रांट्ल यांचे विद्यार्थी होते, हे सगळे सांगतात. त्यांचे विमान जोडणारे पहिले रिव्हेट ठोकायला कोणाकडून शिकले, हे कोणी विचारत नाही. अलीकडे नागपूरच्या मिहानमध्ये ७८७साठी संमिश्र पदार्थाच्या तुळया आणि दासोच्या फाल्कन विमानांचे भाग बनू लागले, आणि विमानाच्या सांगाड्याचा फिटर हा स्वतंत्र ट्रेड आयटीआयच्या अभ्यासक्रमात आला. पंचवीस वर्षांपूर्वी विदर्भातल्या मुलाला यासाठी ओझर नाही तर बंगळूर गाठावे लागे.

शरीराबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर आत सविस्तर लेख आहे. गनचा आवाज कानाला सोसण्यापलीकडचा. तिचा हादरा वर्षानुवर्षे घेतला की बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होतात. गंज रोखणाऱ्या जुन्या प्रायमरमधले क्रोमेट कर्करोगकारक आहे. कार्बनचा चुरा फुप्फुसात जाता कामा नये. इंधनटाकीत शिरताना बाहेर एक माणूस पहाऱ्याला ठेवावा लागतो. एकाच लाइनवर कायम, कंत्राटी आणि अप्रेंटिस खांद्याला खांदा लावून उभे असतात. मास्क, कानटोपण आणि वैद्यकीय तपासणी तिघांना सारखी मिळते का, हे पाहणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

यंत्रमानव हे सगळे खाऊन टाकेल, अशी भीती किंवा आशा दर दहा वर्षांनी नव्याने व्यक्त होते. सरळ, मोठ्या पॅनेलवर यंत्र माणसाला कधीच मागे टाकून गेले आहे. पण बोइंगने ७७७चा सांगाडा यंत्रमानवांकडून उभा ठेवून जोडण्याचा मोठा खटाटोप केला आणि २०१९ साली तो सोडून दिला. त्या जागी साधी मार्गावर सरकणारी ड्रिलिंग यंत्रे आणि माणसे परत आली. त्याच कंपनीला ७८७च्या सांध्यांत पाच हजारांश इंचाहून मोठ्या फटी सापडल्या म्हणून विमानांची सुपूर्तता थांबवावी लागली. फट मोजून तिच्यात बसेल अशी पातळ पट्टी, म्हणजे शिम, घालणे हे जोडणाऱ्याचे जुने काम आहे. ते पूर्ण यंत्राकडे जाईल की नाही, याबद्दल या संग्रहातल्या लेखकांत एकमत नाही, आणि मी ते घडवून आणायचा प्रयत्नही केलेला नाही.

पुस्तक पानोपान क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. इतिहासाच्या वाचकाने दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. त्याला एक विनंती: मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले, ते ओझरला जोडणारी पहिली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. कागद अभिलेखागारात थांबतील, ही माणसे थांबणार नाहीत. आधी टेप रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जावे.

आयटीआयच्या विद्यार्थ्याने मात्र ड्रिलिंगच्या लेखापासूनच सुरुवात करावी, आणि तो वाचण्याआधी भंगारातून ॲल्युमिनिअमच्या पत्र्याचे दोन तुकडे मिळवावेत. डोळ्यांवर चष्मा, खाली लाकडी ठोकळा, पत्रे क्लॅम्पने घट्ट. एका ओळीत वीस होल पाडा, कडेपासूनचे अंतर आधी आखून घ्या. मग पत्रे उकला आणि मधल्या बाजूची बर भिंगातून पाहा. बोट फिरवू नका, कापेल. कोणते होल कुठल्या बाजूला लांबले आहे ते पेन्सिलीने खूण करून ठेवा. त्या खुणा समोर ठेवून लेख वाचायला घ्या.